कूलंट: कोणतं घ्यावं, किती मिसळावं आणि कोणत्या क्रमाने भरावं

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं अँटीफ्रीझचं पाणी, बदलून सहा महिने होत नाहीत तोच रिझर्व्ह बाटलीतलं पाणी गंजकट दिसायला लागतं. दोष दुकानदाराला दिला जातो, कंपनीला दिला जातो, पण बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. चूक हिशेबात असते. खालचा नट उघडून रेडिएटर रिकामा केला, म्हणजे इंजिनही रिकामं झालं असं धरून चालतात. प्रत्यक्षात ब्लॉकमध्ये, हीटरच्या कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या जाळीत) आणि होस पाइपांत जवळजवळ निम्मं पाणी तसंच राहतं. त्यावर बरोबर प्रमाणाचं मिश्रण ओतलं, तरी आत गेल्यावर ते पातळ होतं. म्हणून या लेखात ओतण्याआधीच्या मोजमापावर जास्त भर आहे.

"नाशिकला कुठे बर्फ पडतो, अँटीफ्रीझ हवंच कशाला?" हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. निफाडकडची थंडी धरली, तरी इथे इंजिनातलं पाणी गोठून ब्लॉक फुटण्याची भीती नाही हे खरं. इथे कूलंट हवं ते गंज, उकळी आणि वॉटर पंप यांच्यासाठी. आजच्या इंजिनात अॅल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचे काही भाग आणि रबराचे सील एकाच पाण्यात बुडालेले असतात. साधं पाणी यातलं काहीच सांभाळत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांना हा लेख लागू नाही. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या कूलिंगला कमी वीज वाहून नेणारं वेगळं कूलंट लागतं, तिथे घरी हात घालू नका.

## १. आधी जुनं कूलंट वाचा

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते उकळून थेट तोंडावर येतं.

टॉर्चच्या उजेडात पाहा. रंग स्वच्छ आणि पारदर्शक असेल, तर नुसतं मुदतीप्रमाणे बदलायचं आहे. तपकिरी असेल तर गंज आहे, धुण्याचं काम वाढेल. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दुधी साय दिसली, तर इथेच थांबा. ऑइल कूलर किंवा हेड गॅसकेट गळत असण्याची शक्यता आहे. आधी मिस्त्रीला दाखवा, नवं कूलंट ओतून ते बरं होणार नाही. बाटलीतली पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर गळती शोधल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका.

झाकणही याच वेळी तपासा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) घातलं की हा आकडा सात-आठ अंशांनी वर जातो. १.१ बार दाबाची चांगली कॅप (झाकण) मात्र तो आणखी वीसेक अंशांनी वर नेते. म्हणजे उकळी रोखण्यात कॅपचा वाटा कूलंटपेक्षा मोठा आहे, आणि तिच्या रबराला भेगा गेल्या तरी लोक तीच वर्षानुवर्षं वापरतात. रबर कडक झालं असेल तर नवी घ्या, पण बारचा आकडा जुन्यावर छापलाय तोच.

तपासा: इंजिन गार झाल्यावर वरचा होस पाइप आत चेपलेला दिसतो का? दिसत असेल तर कॅपची व्हॅक्यूम झडप अडकली आहे.

## २. रंगावर जाऊ नका, डब्याची मागची बाजू वाचा

"हिरवं होतं, हिरवंच द्या" असं काउंटरवर सांगणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. रंग म्हणजे फक्त डाय, त्याला कोणताही सर्वमान्य नियम नाही. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ गुलाबी असतं, होंडाचं टाइप २ निळं असतं. पण गुलाबी किंवा निळा असलेला दुसरा कुठलाही डबा त्याच जातीचा असेलच असं नाही.

जात ठरते ती गंजरोधक रसायनांवरून. ढोबळमानाने तीन गट लक्षात ठेवा.

जुन्या पद्धतीचं, आयएटी म्हणून ओळखलं जाणारं कूलंट सिलिकेट-फॉस्फेटवर चालतं. ते लवकर काम करतं आणि लवकर संपतं. साधारण दोन वर्षं त्याची मुदत. जुन्या गाड्या, तांब्याचे रेडिएटर यांच्यासाठी ठीक.

ओएटी म्हणजे सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं. पाचेक वर्षं टिकतं, अॅल्युमिनियमला चांगलं.

तिसरं संकरित, एचओएटी. यात सेंद्रिय आम्लांबरोबर थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट असतं. जपानी-कोरियन कंपन्या सहसा फॉस्फेटवालं पसंत करतात, तर युरोपातल्या कंपन्या सिलिकेटवालं. म्हणून "ओएटी आहे ना, झालं" एवढ्यावर भागत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जे नाव किंवा जो क्रमांक दिला आहे, तो डब्यावर छापलेला हवा.

पुस्तिका हरवली असेल तर डब्यावर मानक शोधा. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६ ही कार-जीपसाठी. ट्रक, टेम्पो आणि मोठ्या डिझेल इंजिनांसाठी एएसटीएम डी ६२१० पाहा. कुठलंच मानक नाही, गोठणबिंदू नाही, ग्लायकॉलचं प्रमाण नाही, फक्त "सुपर कूल" असं मोठ्या अक्षरात, असा डबा स्वस्त मिळाला तरी परत ठेवा. त्यात बऱ्याचदा रंगीत पाण्यापलीकडे फार काही नसतं.

दोन जाती एकत्र करू नका. काही मिश्रणांत जेलीसारखा गाळ बसतो आणि हीटरची बारीक नळी बंद होते. गाळ झाला नाही तरी दोन्हींची गंजरोधक ताकद घटते आणि पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांवर येतं. जुनं कोणतं हे माहीत नसेल तर भर टाकण्याचा विचारच सोडा, पूर्ण बदला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी: पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या बागांत ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन तासन्‌तास जास्त आरपीएमवर आणि गाडी मात्र चालण्याच्या वेगाने, म्हणजे समोरून हवा नाहीच. ट्रॅक्टरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत ओल्या लायनर, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या, असतात. लायनर थरथरते, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरून बारीक खड्डे पडत जातात. शेवटी लायनरला छिद्र होऊन पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे रोखणारी खास रसायनं फक्त हेवी ड्युटी कूलंटमध्ये असतात. कारचं उरलेलं कूलंट ट्रॅक्टरमध्ये ओतून बचत होत नाही. आणि कूलंट बदलण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाला आणि फवारणीची पांढरी भुकटी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून काढा. निम्म्या ट्रॅक्टरांचं "तापणं" तिथेच थांबतं, असं माझं मत आहे.

## ३. पाणी

बोअरचं पाणी नको. आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातला चुना गरम भिंतीवर थर धरतो, आणि फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये तर तो रसायनांशीच चिकटून तळाशी बसतो. नळाचं पाणीही नको, त्यात क्लोरीन असतं. घरच्या आरओचं पाणी यापेक्षा बरं, पण त्यातही क्षार उरलेले असतात. बाटलीबंद पाण्यात तर खनिजं मुद्दाम ठेवलेली असतात.

हवं ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. मागताना नीट बोला. "बॅटरीचं पाणी द्या" म्हटल्यावर एखाद्या नवख्या पोऱ्याने अॅसिडचा कॅन पुढे केला तर पंचाईत. टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) असेल तर लावून पाहा, आकडा दहाच्या आत यायला हवा.

## ४. प्रमाण ठरवा

बाजारात दोन प्रकार आहेत. रेडी टू यूज म्हणजे तयार मिश्रण, त्यात पाणी घालायचं नाही. दुसरं कॉन्सन्ट्रेट, जे पाण्यात मिसळूनच वापरायचं. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालणं आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी न घालता नुसत्या त्यानेच गाडी भरणं, या दोन्ही चुका सारख्याच होतात.

डब्यावर १:३ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एक भाग कूलंट, तीन भाग पाणी, म्हणजे २५ टक्के. एक तृतीयांश नव्हे. शंका असेल तर शेजारी दिलेला गोठणबिंदू पाहा. एथिलीन ग्लायकॉलचं ३३ टक्के मिश्रण उणे १८ अंशांच्या आसपास गोठतं, ५० टक्के उणे ३७च्या आसपास.

नाशिकच्या हवेला ४० ते ५० टक्के योग्य. पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच अंतिम. ३३ टक्क्यांखाली जाऊ नका. गोठण्याचा प्रश्न नसला तरी गंजरोधक रसायनं त्याच ग्लायकॉलबरोबर येतात, ती अपुरी पडतात. लेह किंवा स्पितीला गाडी नेणार असाल तर ५० टक्के करूनच निघा.

जास्त घातलं तर जास्त चांगलं, हाही गैरसमज. ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता चांगली वाहून नेतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची क्षमता दर लिटरमागे पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी असते, आणि प्रमाण वाढवाल तशी ती घटत जाते. नुसतं ग्लायकॉल तर उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, म्हणजे थंडीतही त्याचा उपयोग मिश्रणापेक्षा कमी. ६० टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही.

## ५. साहित्य जमवा, मगच नट सोडा

घमेलं किंवा पसरट टब, मापाच्या खुणा असलेला जग, नरसाळं, पक्कड, पाने, ड्रेन नटचं नवं वॉशर, रबरी हातमोजे, चष्मा, जुन्या चिंध्या. डिस्टिल्ड वॉटर वाटतं त्याहून जास्त आणा, कारण धुण्यालाही लागतं. सहा लिटरच्या गाडीला पंधरा लिटर तरी हवं.

सावध: एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्यायल्यास जीवघेणं आहे. सोसायटीतलं कुत्रं, गोठ्यातलं वासरू, अंगणातलं पोर कोणीही उघड्या घमेल्याजवळ येऊ शकतं. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कूलंट कधीही भरून ठेवू नका.

## ६. रिकामं करा आणि मोजा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, इंजिन गार. हीटरला झडप असलेल्या गाड्यांमध्ये ती उघडावी म्हणून चावी फिरवून हीटरचा खटका पूर्ण गरमवर न्या, मग चावी बंद करा.

आधी वरची कॅप काढा, नंतर खालचा नट सोडा. उलट केलंत तर थेंबथेंब गळत राहील. खालच्या नटचं प्लास्टिक जुन्या गाडीत कडक झालेलं असतं, जोर लावला की तुटतं. फिरत नसेल तर सोडून द्या आणि खालच्या होसची क्लिप सैल करून पाणी काढा. ब्लॉकला वेगळा ड्रेन नट असेल आणि हात पोचत असेल तर तोही उघडा. रिझर्व्ह बाटली काढून वेगळी धुवा, तिच्या तळाशी बसलेला गाळ नवं कूलंट घाण करतो.

बाहेर आलेलं सगळं जगने मोजा आणि आकडा कागदावर लिहा. ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही. पुस्तिकेत एकूण क्षमता ६ लिटर आहे आणि बाहेर आलं साडेतीन, तर अडीच लिटर आत आहे.

## ७. धुणं

नट बंद करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, कॅप लावा, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. वरचा होस अचानक गरम झाला की तो उघडला असं समजा. पाच-दहा मिनिटं चालू द्या, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. गंज फार असेल तर पहिल्या फेऱ्यांना नळाचं पाणी चालेल, पण शेवटच्या दोन फेऱ्या डिस्टिल्डच्याच हव्यात.

गार होण्याची वाट पाहण्यातच दिवस जातो, म्हणून रविवार मोकळा ठेवा. घाईने गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. फ्लशिंगचं रसायन फक्त तपकिरी पाणी निघत असेल तरच वापरा, आणि डब्यावरच्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त आत ठेवू नका.

"थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंजिन कायम गारेगार चालतं, डिझेल-पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला टाळून आखूड वाटेनेच फिरत राहतं. खराब असेल तर नवा बसवा.

तपासा: शेवटच्या फेरीचं पाणी पुन्हा मोजा. पुढचा हिशेब याच आकड्यावर करायचा.

## ८. आधी कॉन्सन्ट्रेट, मग पाणी

एकूण क्षमतेला हव्या त्या टक्क्यांनी गुणा. जेवढं येईल तेवढं कॉन्सन्ट्रेट सगळ्यात आधी ओता. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा.

तीच सहा लिटरची गाडी घ्या, आत अडीच लिटर धुण्याचं पाणी. ५० टक्के हवं तर ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर अर्धाच लिटर पाणी. ४० टक्के हवं तर २.४ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि १.१ लिटर पाणी. आता नेहमीची चूक पाहा: बादलीत निम्मं-निम्मं कालवून साडेतीन लिटर ओतलं, तर आत गेलं फक्त पावणेदोन लिटर कूलंट. सहा लिटरमागे २९ टक्के. आणि मालकाला वाटतं ५० आहे.

तयार मिश्रण वापरणार असाल तर धुणं झाल्यावर आत राहिलेलं पाणी हा मोठाच अडथळा. ब्लॉकचा नट उघडून शक्य तेवढं काढा. ते जमत नसेल तर तयार मिश्रण भरून गाडी फिरवा, काढा, पुन्हा नवं भरा. खर्च दुप्पट होतो, म्हणून घरी काम करणाऱ्याने कॉन्सन्ट्रेटच घ्यावं.

बाहेर फक्त सव्वादोन लिटरच आलं तर? ३ लिटर मावणारच नाहीत. सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता. साडेसदतीस टक्के होतात आणि नाशिकला तेवढं पुरतं.

हळू ओता, बारीक धारेने. भसकन ओतलं की हवा आत कोंडते.

## ९. हवा काढा

बदलल्यावर लगेच गाडी तापली तर बहुतेक वेळा कारण एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, असतं. गाडीचं नाक थोडं वर राहील अशा चढावर लावा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. ज्या गाड्यांत रेडिएटरलाच कॅप आहे तिथे पहिली काही मिनिटं ती उघडी ठेवता येते, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. पाणी वर उसळायला लागण्याआधी कॅप लावा. फक्त बाटलीलाच कॅप असेल तर पुस्तिकेतली पद्धत पाळा. होस पाइप हाताने दाबत-सोडत राहा, हातमोजे घालून आणि पंख्यापासून लांब.

पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. नजर तापमानाच्या काट्यावर ठेवा.

तपासा: केबिनमध्ये हीटरची हवा कडक गरम येते का? काटा वर आणि हीटरची हवा गार, म्हणजे हवा अजून अडकली आहे. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा करा.

पूर्ण गार झाल्यावर पातळी बघा. बाटलीत मिन आणि मॅक्सच्या मध्ये पुरे. काठोकाठ भरलेलं तापल्यावर बाहेरच सांडतं.

## १०. प्रमाण मोजून खात्री

दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून जाणाऱ्या उजेडावरून प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने) तपासा. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्यावर आणा, मग रेडिएटरमधला थेंब. बाटलीतला नको, तिथलं पाणी आतल्याशी लगेच मिसळत नाही. द्राक्षवाल्यांच्या घरी ब्रिक्स मीटर असतोच आणि तत्त्व तेच आहे, पण त्यावरचे आकडे साखरेचे आहेत. ते थेट ग्लायकॉलचे टक्के म्हणून वाचू नका. आणि रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल सांगतो. गंजरोधक संपलं आहे की नाही हे त्यात दिसत नाही, म्हणून आकडा बरोबर असला तरी मुदत झाली की बदलायचंच.

बॉनेटच्या आत चिठ्ठी लावा: तारीख, किलोमीटर, कूलंटचं पूर्ण नाव, टक्के. पुढच्या मिस्त्रीला रंग पाहून अंदाज करावा लागणार नाही. त्याच प्रमाणाचं अर्धा लिटर मिश्रण नाव लिहिलेल्या कॅनमध्ये डिकीत ठेवा. पातळी घटली की त्यातलंच घाला, नुसतं पाणी नाही.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. उकाडा सोसा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. बॉनेट उघडा, पण कॅपला अर्धा-पाऊण तास हात नको. गार झाल्यावर पातळी खाली असेल आणि डिकीतला कॅन पुरत नसेल, तर पिण्याच्या बाटलीतलं पाणीही चालेल. तेवढ्यावर घरी या, गळती शोधा, आणि ते मिश्रण आठवड्याच्या आत बदलून टाका.

काढलेलं जुनं कूलंट गटारात, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा, आणि जुनं ऑइल-कूलंट जमा करून पुढे देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून नेऊन द्या. इंजिन ऑइलच्या कॅनमध्ये ते मिसळू नका, मिसळलेला माल पुढे कोणी घेत नाही.